गिंझा लाइनची 1000 मालिका : अरुंद बोगद्यातली नीटस गाडी

टोकियो मेट्रोच्या गिंझा लाइनवर सध्या पिकल्या लिंबाच्या रंगाची जी सहा डब्यांची गाडी धावते, तिला 1000 मालिका म्हणतात. ती 2012 मध्ये सेवेत दाखल झाली आणि 2017 पर्यंत या मार्गावरच्या जुन्या गाड्यांची जागा तिने पूर्णपणे घेतली. मुलीकडे टोकियोला मुक्काम असताना माझे बहुतेक हिंडणेफिरणे याच मार्गाने झाले. वडोदऱ्याजवळ सावली येथे मेट्रोचे डबे तयार होतात हे वडोदऱ्याच्या वाचकांना ठाऊक आहेच. माझी नोकरीही डब्यांच्या अंतर्गत फिटिंगच्या कामातच गेली. बोगद्यात खिडकीबाहेर पाहण्यासारखे काही नसतेच, त्यामुळे नजर आपोआप सांधे, दांडे आणि दरवाजे यांवर फिरत राहिली.

या गाडीची पारख करताना प्रथम तिची अडचण समजून घ्यायला हवी. गिंझा लाइन ही आशियातील सर्वांत जुनी मेट्रो. तिचा उएनो ते आसाकुसा हा पहिला टप्पा 30 डिसेंबर 1927 रोजी सुरू झाला. रस्ता वरून खणून, बोगदा बांधून पुन्हा झाकण्याची त्या वेळची रीत असल्याने मार्ग जमिनीखाली फार खोल नाही आणि रस्ता वळेल तसा तोही वळतो. वीज 600 व्होल्टची, आणि तीही रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून घेतलेली. डोक्यावर तारा नाहीत म्हणून बोगद्याची उंचीही बेताचीच. परिणामी डबा सुमारे 16 मीटर लांब आणि जेमतेम अडीच मीटर रुंद. दिल्लीच्या ब्रॉडगेज मेट्रोचा डबा 3.2 मीटर रुंद असतो, हे लक्षात घेतले म्हणजे समोरासमोर बसलेल्या प्रवाशांचे गुडघे किती जवळ येत असतील याची कल्पना येईल. रूळ मात्र 1435 मिलिमीटर गेजचे (म्हणजे दोन रुळांमधले अंतर तेवढे) आहेत, त्यामुळे वडोदऱ्याजवळच्या आपल्या डभोईच्या गायकवाडी संस्थानकालीन नॅरोगेजमध्ये, म्हणजे अरुंद रुळांवर, डबा जसा हिंदकळत असे तसा हा हिंदकळत नाही.

माझ्या मते गाडीचे खरे श्रेय वळणांवर आहे. तीव्र वळणावर चाकाची कड रुळाला घासते आणि कानठळ्या बसवणारी किंचाळी उठते. बंद बोगद्यात तर ती दुप्पट वाटते. 1000 मालिकेत प्रत्येक बोगीचा (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचा) एक आस वळणाच्या दिशेने थोडा फिरतो, त्यामुळे चाक रुळाला धरून जाते आणि घर्षण कमी होते. मोटारी कायम चुंबकाच्या आणि बंदिस्त आहेत, म्हणून त्यांचाही आवाज दबलेला. गाडी अगदी नि:शब्द चालते असे मी म्हणणार नाही, परंतु ऐन वळणावरही शेजाऱ्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येते (अर्थात तेथे डब्यात फारसे कोणी बोलतच नाही, हा भाग निराळा). भुयारी गाडीला जपानचा ब्लू रिबन पुरस्कार (रेल्वेप्रेमींची संघटना उत्कृष्ट नव्या गाडीला देते तो) प्रथमच मिळाला तो 2013 मध्ये, याच गाडीला. तो योग्यच होता.

आत दोन डब्यांमधले दरवाजे काचेचे ठेवल्यामुळे नजर लांबवर जाते आणि अरुंदपणा डोळ्यांना टोचत नाही. प्रकाश एलईडीचा, डोळ्यांवर न येणारा. दारांवरील पडद्यांवर पुढचे स्थानक इंग्रजीतही दिसते, त्यामुळे नवख्या माणसाची धांदल होत नाही. तक्रार आहे ती सामानाची. मोठ्या बॅगा ठेवायला जागाच नाही, आणि सकाळच्या गर्दीत साधारण दर दोन मिनिटांनी गाडी येऊनही दारापाशी दाटी होतेच. विमानतळावरून थेट सामानासह या गाडीत चढू नये. शिवाय डबे लहान आणि वीजही निराळ्या पद्धतीने घेतलेली, म्हणून ही गाडी इतर कंपन्यांच्या मार्गांवर जाऊ शकत नाही. गाडी बदलण्यासाठी भुयारातून बरेच चालावे लागते.

एकूण चाळीस गाड्यांपैकी दोन मुद्दाम जुन्या धाटणीच्या केलेल्या आहेत. भिंतींना लाकडाचा भास, पितळेसारखे दांडे, हिरवी आसने. पूर्वी तिसऱ्या रुळात जेथे खंड पडे तेथे डब्यातले दिवे क्षणभर विझत आणि भिंतीवरचे छोटे दिवे लागत. तोही प्रकार यांत विशेष प्रसंगी दाखवता येतो. हौस म्हणून छान, पण त्यासाठी फलाटावर ताटकळत बसण्याची गरज नाही. जुनेच पाहायचे असेल तर कासाई येथील भुयारी रेल्वे संग्रहालयात 1927 चा मूळ 1001 क्रमांकाचा डबा आहे.

ज्येष्ठांना बरोबर नेणाऱ्यांना हा मार्ग मी निःसंकोच सुचवीन, कारण स्थानके उथळ असल्याने जिने तुलनेने कमी चढावे लागतात. शिबुया याला अपवाद: तेथील जमीन इतकी खोलगट आहे की भुयारी गाडी रस्त्याच्या वर, तिसऱ्या मजल्याइतक्या उंचीवर येऊन थांबते. दुपारी सवड असेल तर उएनोच्या डेपोबाहेरचे फाटक जरूर पाहावे. येथे भुयारी गाडी चक्क रस्ता ओलांडते, आणि तिसऱ्या रुळात वीज खेळत असल्यामुळे रस्त्याला जसे फाटक आहे तसेच रुळांवर आडवे दुसरेही आहे. गाडी येण्याच्या वेळेला ते उघडते आणि रस्त्याचे बंद होते.