आघात, शोक की अन्याय : कोणत्या मानसतज्ज्ञाकडे जायचं?

पुण्यातल्या एका समुपदेशन केंद्रात मी काही वर्षं फोनवर अपॉइंटमेंट द्यायचं काम केलं. "कुणीतरी चांगलं सांगा" म्हणून फोन यायचा आणि मी विचारायचे, "काय झालंय?" विचारायला हवं होतं ते वेगळंच, हे फार उशिरा लक्षात आलं. जे झालं, ते थांबलंय का? आघातावर काम करणारे, शोकावर काम करणारे आणि सामाजिक अन्यायाची जाण ठेवून काम करणारे, यांच्यातून निवडायचं तर या प्रश्नानेच निम्मं काम होतं.

घटना संपली, पण शरीराला ते पटत नाही, अशी गत असेल तर आघातावर काम करणारा तज्ज्ञ बघा. नवले पुलावरच्या अपघातातून वाचलेले एक काका रोज गावातून मोठा वळसा घालून कामावर जायचे. "कळतं हो सगळं, पण मागून ट्रकचा हॉर्न वाजला की हात ऐकत नाहीत." असा त्रास महिन्याहून जास्त टिकला, तर दोन उपचारांची नावं कानावर येतील. ट्रॉमा-केंद्रित सीबीटी, म्हणजे आघाताभोवतीचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलण्यातून होणारा उपचार, आणि ईएमडीआर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दोन्हींची शिफारस केली आहे. सीबीटीत घटना तपशिलात बोलावी लागते आणि गृहपाठ असतो. म्हणजे काकांना टप्प्याटप्प्याने पुलाकडे जावं लागणार. ईएमडीआर ही अमेरिकी मानसतज्ज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ च्या सुमारास काढलेली पद्धत. आठवण मनात धरायची आणि तज्ज्ञाच्या बोटामागे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. ऐकायला जादूटोण्यासारखं वाटतं, आणि डोळ्यांच्या हालचालीने नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. पण गुण येतो. शिवाय सगळं तोंडाने सांगावं लागत नाही, म्हणून लैंगिक अत्याचारासारख्या प्रसंगात मला तीच बरी वाटते. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी खोदून खोदून सगळं वदवून घेणारा मात्र टाळा. त्याने फायदा होत नाही, म्हणून ती पद्धत आता सहसा सुचवली जात नाही.

शोकाचं गणित निराळं. बहुतेकांना तज्ज्ञाची गरजच नसते, हे आमच्या धंद्यात कुणी मोठ्याने सांगत नाही. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी भांड्यांचा आवाजही मोठा वाटतो, आणि तरी माणसं हळूहळू सावरतात. पण नवरा जाऊन दीड वर्ष झालं तरी त्याच्या मोबाइलला दर महिन्याला रिचार्ज मारणारी, त्याचं ताट मांडणारी बाई रडत रडत फोन करते तेव्हा मदत लागते. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाची मर्यादा किमान सहा महिने आहे, तर डीएसएम या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी बारा. वर्षश्राद्धापर्यंत सणवार न करणाऱ्या आपल्या आज्यांना हा आकडा ओळखीचा वाटला असता. कोलंबिया विद्यापीठाच्या कॅथरीन शिअर यांनी यासाठी सोळा सत्रांचा उपचार बसवला. त्यात गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात संवाद करतात आणि टाळलेल्या जागी पुन्हा जातात. त्यांच्याच अभ्यासात सिटॅलोप्रॅम या नैराश्याच्या गोळीने शोक कमी झाला नाही. उपचाराच्या जोडीने दिल्यावर नैराश्याची लक्षणं तेवढी उतरली. म्हणून "गोळी घ्या, विसराल" म्हणणाऱ्याकडून शोकाच्या उपचाराची अपेक्षा धरू नका. चालू असलेली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही.

आणि थांबलेलंच नसेल तर? वरचे दोन्ही उपचार "आता धोका नाही" असं गृहीत धरून चालतात. ज्या बाईला आज संध्याकाळी पुन्हा मार पडणार आहे, ज्या मुलाला वसतिगृहात रोज आडनावावरून टोमणे बसतात, त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवणं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसत बसणं. इथे मनाबरोबर कायदा, निवारा, तक्रार यांचीही वाट माहीत असलेलं माणूस लागतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून सुरू केलेलं 'दिलासा' हे केंद्र याचं उत्तम उदाहरण. सरकारी दवाखान्यातच हिंसेने पोळलेल्या बाईशी समुपदेशक बोलते, आणि तिच्या सुरक्षिततेचा विचार आधी होतो. याउलट "दोघांना एकत्र बसवू, समेट होईल" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा.

या तज्ज्ञाला ओळखायची माझी एक युक्ती आहे. फोनवरच विचारायचं, "जातीवरून त्रास झालेला असेल तर तुम्ही काय करता?" "आम्ही जातपात मानत नाही हो," असं उत्तर आलं की मी ते नाव खाली सरकवायचे. न मानणाऱ्याला ती दिसतही नाही. "कुठे, कोणी, अजून चालू आहे का?" असं विचारणारा कामाचा. समलिंगी किंवा ट्रान्स व्यक्तींसाठीही हीच कसोटी लावा.

पाटीवरच्या पदव्यांबद्दल थोडक्यात. 'काउन्सेलर' ही पाटी कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. गोळ्या फक्त डॉक्टरच, म्हणजे सहसा मानसोपचारतज्ज्ञ, देऊ शकतो. पैशांची अडचण असेल किंवा जीव द्यायचे विचार येत असतील, तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवून आधी १४४१६ लावा. ही सरकारी टेलि-मानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

तिन्ही गोष्टी एकातच आल्या तर क्रम महत्त्वाचा. विदर्भातली एक बाई. नवऱ्याने शेतातच फाशी घेतली, तिनेच पाहिलं. झोपेत ते झाड दिसायचं, म्हणून मी तिला आघातवाल्या मॅडमची वेळ दिली. तिसऱ्या सत्रानंतर ती माझ्या टेबलाशी येऊन थांबली. "ताई, मॅडम चांगल्या आहेत. पण दीर सातबाऱ्यावर माझं नाव लावू देत नाही. तलाठ्याकडे द्यायचा अर्ज इथं कोणी लिहून देतं का?" चौथ्या सत्राची वेळ आम्ही पुढे ढकलली आणि वकिलांना फोन लावला.