टोमॅटोच्या वाहतुकीला कोणती गाडी: छोटा हत्ती, पिकअप की ४०७?

गाडी घेताना बहुतेक जण हौद्याची लांबी बघतात. आधी बघायचं ते पासिंग, म्हणजे कायद्याने गाडीत किती माल भरता येतो तो आकडा, आणि रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट टप्पा. दिंडोरी-निफाडच्या शिवारातून पिंपळगाव बसवंतला किंवा कसारा घाट उतरून थेट वाशीला टोमॅटो न्यायचा असेल, तर हिशेब असा पडतो.

एका क्रेटमध्ये २० किलो माल, क्रेट धरून साधारण २२ किलो. टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, डिझेलमध्ये ७५० किलो पासिंगचा: ३४ क्रेट झाले की संपलं. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आणि लहान चाकं. बांधापासून जवळच्या मार्केटपर्यंत ही गाडी स्वस्तात पडते. पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत ही चाकं रुततात, आणि घाटाच्या रोजच्या फेऱ्यांसाठी ती घेऊच नये.

आमची पसंती महिंद्रा बोलेरो पिकअपच्या १.७ टनी मॉडेलला. अडीच लिटरचं इंजिन, १५ इंची टायर, ७५ क्रेट कायद्यात बसतात. मात्र हौद्यावर जाळी आणि ताडपत्रीची कमान बसवली की ते वजन पासिंगमधूनच जातं, तेवढे क्रेट कमी धरा. खोट एकच, पण टोमॅटोला ती नडते: मागचे पाटे, म्हणजे भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कडक आहेत. अर्धवट भरलेली गाडी खड्ड्यात उडते आणि शेवटच्या रांगेतल्या क्रेटचा माल दबतो. कमी माल असेल तर तो केबिनला टेकवून लावा, पट्ट्याने आवळा, आणि टायरची हवा कंपनीच्या स्टिकरवर दिली आहे तशी भारानुसार ठेवा.

रोज १०० क्रेट भरत असतील तर पिकअपवर सव्वादोन टन चढवण्यापेक्षा टाटा ४०७ घ्या. मागे डबल टायर असल्याने एक फुटला तरी गाडी लगेच कलंडत नाही. अरुंद पाणंदीत वळवताना मात्र ती जड जाते.

जास्त भार भरला की काय मोडतं, तेही ठरलेलं आहे. आधी पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो, मग एक्सल सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. मुख्य पाटा तुटतो, क्लच प्लेट जळते. जुनी पिकअप बघताना खाली वाका आणि पाटे चेसिसला जिथे जोडलेत ते ब्रॅकेट टॉर्च लावून तपासा. तिथे नवा रंग किंवा वेल्डिंगचा जाड थर दिसला तर ती गाडी सोडा. नवी घेताना शोरूमवाला रिकामी गाडी चालवायला देतो. त्यातून काही कळत नाही, भरलेली मागा.

या वाटेवर माल भरून घाट उतरायचा असतो, म्हणून इंजिनच्या ताकदीइतकेच ब्रेक महत्त्वाचे. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

कागदांचं थोडक्यात: गाडी आणि माल धरून एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यामुळे आरसीवरचा आकडा बघूनच मॉडेल ठरवा. ७,५०० किलोपर्यंत एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. आणि ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.