बराइट की कॅल्शियम कार्बोनेट: मड जड करताना

विहीर खणताना आत फिरवायचा द्रव म्हणजे मड. तो जड करायचा तर वरच्या थरांत वाद नाही, बराइटच (बेरियम सल्फेटची खनिज पूड) घ्यावं. त्याचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) 4.2, कार्बोनेटचं 2.7. मडचं 1.2 वरून 1.4 वर न्यायचं तर दर घनमीटरला बराइट सुमारे 300 किलो लागतं, कार्बोनेट 415. घन कणांचं आकारमान मात्र 71 लिटरवरून 154 लिटरवर जातं. मड घट्ट होतो, पंपाचा दाब चढतो, ड्रिलिंग मंदावतं. 1.45 च्या पुढे कार्बोनेटचा हट्ट धरू नये.

तेल-वायूच्या थरात शिरलं की हिशेब उलटतो. बराइट आम्लात विरघळत नाही. खडकाच्या छिद्रांत बसलं की उत्पादन घटतं आणि काढायला महागडं चिलेटिंग (धातूचे अणू पकडून विरघळवणारं) रसायन लागतं. कार्बोनेट 15 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतं. पण कणांचा आकार छिद्रांना जुळवून निवडावा. शेल शेकरची (मडमधला खडकाचा चुरा गाळणाऱ्या हलत्या चाळणीची) जाळी फार बारीक असेल तर नेमके मोठे, उपयोगी कण फेकले जातात, आणि उरलेले फिरून फिरून झिजतात. म्हणून रोज कणांचा आकार तपासून ताजा माल घालत राहावा.

तिरप्या विहिरीत पंप थांबला की बराइट खालच्या बाजूला साचतं, हेही ध्यानात असू द्यावं. आणि मड बदलताना टाक्या खरवडून धुवा. तळाशी राहिलेलं बराइट नव्या मडमध्ये मिसळतंच.