फोर्ट्सहाइम ते कार्ल्सरुहे: रिजनल ट्रेन की ट्राम-ट्रेन?

जर्मनीत फोर्ट्सहाइमला घर बघताय आणि ऑफिस शेजारच्या कार्ल्सरुहेत, गावाच्या मधल्या चौकाच्या म्हणजे मार्क्टप्लाट्सच्या आसपास, तर हा प्रश्न पडणारच. तिकिटाचा घोळ नाही, डॉइचलँडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास, दोन्हीत चालतं. मी आधी वर्षभर रिजनलने गेलो, आता एस-५ या ट्राम-ट्रेनने जातो.

कागदावर रिजनल जिंकते. वीस-पंचवीस मिनिटांत कार्ल्सरुहे मेन स्टेशन, सीट ऐसपैस, टॉयलेट आहे. एस-५ म्हणजे रेल्वेच्या रुळांवरून येऊन पुढे गावात ट्राम होणारी गाडी, ती गावागणिक थांबते आणि मार्क्टप्लाट्सला पोचायला पाऊण तास तरी धरा.

पण मेन स्टेशन गावात नाही ना! मार्क्टप्लाट्सपासून दोनेक किलोमीटर लांब, आणि माझं घोडं तिथंच अडायचं. प्लॅटफॉर्मवरून खाली उतरा, गर्दीतून वाट काढत हॉलमधे या, बाहेर चौकात पाय टाकला की समोरच्या ट्रामच्या दारावरचा दिवा विझतो आणि ती निघते. मागून दुसरी येते, मान्य, पण जानेवारीत तेवढा वेळ झूच्या कुंपणाकडे बघत उभं राहून दाखवा. दादरला गाडी बदलण्यात निम्मं आयुष्य गेलेला माणूस मी, मला याचं काही वाटायला नको होतं, पण बाबागाडीत झोपलेली लेक लिफ्टपाशी हमखास जागी व्हायची आणि मग पाळणाघरापर्यंत भोंगा.

एस-५ मधे ही भानगडच नाही. १९९२ मधे जवळच्या ब्रेटेन गावाच्या लाइनवर कार्ल्सरुहेवाल्यांनी हेच केलं, गावातली ट्राम सरळ रेल्वेच्या रुळांवर नेली, गाडी बदलायची कटकट गेली आणि प्रवासी काही पटींनी वाढले, का ते मला आता कळतं. रेल्वेची वीज १५,००० व्होल्ट एसी, ट्रामची ७५० व्होल्ट डीसी. कार्ल्सरुहेच्या वेशीवरच्या ग्रोट्सिंगेनच्या आसपास हा बदल होतो, मधल्या तुकड्यात वीजच नसते, पंखे गप्प होतात, गाडी नुसती घरंगळत जाते आणि मग परत घूं सुरू. लेक कूसही बदलत नाही. पुढे २०२१ च्या डिसेंबरपासून कायझरश्ट्रास या गावातल्या मुख्य रस्त्याखालचा बोगदा झालाय, त्यातून थेट मार्क्टप्लाट्स.

तोटे आहेतच. मेन लाइनवर काही अडकलं की तो उशीर गावापर्यंत येतो. जुन्या डब्यांना पायऱ्या आहेत, बाबागाडी उचलावी लागते, पण चढताना एकदा नि उतरताना एकदा, बस. तुमचं ऑफिस स्टेशनजवळ असेल किंवा पुढे लांबची गाडी पकडायची असेल तर रिजनलच घ्या, उगाच माझं ऐकू नका. गावात जायचं असेल तर मी तरी एस-५ म्हणेन. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण दारापासून दारापर्यंत फरक दहा-पंधरा मिनिटांचा असेल आणि तेवढा वेळ मी बसून असतो, धावत नाही.

फक्त मला मिळालेल्या बहुतेक गाड्यांत टॉयलेट नव्हतं, तेव्हा घरून निघताना चहा एकच कप.