राउटर घ्यावा का लॅपटॉपवरच भागवावं?

जुळे सोलापुरात रूमवर आम्ही तिघं, नेटची केबल एकच, आणि राउटरला हजार-बाराशे घालायचे का यावर रोज वाद. मग मीच केबल लॅपटॉपला लावली, विंडोज १० च्या सेटिंगमध्ये मोबाईल हॉटस्पॉट (लॅपटॉपचं नेट वायफायनं बाकीच्यांना वाटायची सोय) चालू केला, पासवर्ड टाकला, झालं की ओ, फुकटात! ८ डिव्हाइसपर्यंत जोडता येतात, आम्हाला तेवढं रग्गड.

पण लॅपटॉप झोपला की सगळ्यांचं नेट गेलं. आधी स्लीप बंद करा, मग कुणी जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट आपोआप बंद पडतो, तो पॉवर सेव्हिंगचा पर्याय पण बंद करा. आणि मी लॅपटॉप घेऊन सात रस्त्याला गेलो की मागनं फोन, "कुठंय बे, नेट गेलं!" त्यात मे महिन्यात आधीच रूमची भट्टी झालेली असती, लॅपटॉप दिवसभर चालू म्हणजे फॅनचा नुसता घुंइंई आवाज.

राउटरला हे काही नाही, एकदा लावला की विसरा, भिंतीपलीकडं रेंज पण सहसा जास्त. वीज कमी खातो, त्यामुळं लाईट गेली तर छोट्या यूपीएसवर तासन्‌तास चालतो, अर्थात नेट कंपनीच्या बाजूचं चालू असलं तरच.

एक-दोन दिवसांचं काम असेल तर लॅपटॉप बेस्ट, तेही केबल असेल तरच, कारण वायफायनं घेऊन वायफायनंच वाटलं की स्पीड बराच पडतो. आम्ही शेवटी राउटरसाठी वर्गणी काढली, एकानं अजून दिली नाही.