पॅटागोनिया टोरंटशेल ३एल: जुन्या जाळ्यांचं जॅकेट आणि सह्याद्रीचा पाऊस

टोरंटशेल ३एल हे पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीचं तीन थरांचं पावसाळी जॅकेट. त्याचं बाहेरचं कापड ५० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) रिपस्टॉप, म्हणजे फाटणं पसरू न देणाऱ्या विणीचं, नायलॉन आहे, आणि ते पूर्णपणे रिसायकल केलेलं आहे. अलीकडच्या आवृत्तीत हे नायलॉन मासेमारीच्या जुन्या जाळ्यांपासून येतं. जाळी गोळा करते ब्युरिओ ही कंपनी. तिचं काम चिलीच्या किनाऱ्यावर सुरू झालं. ही जाळी समुद्राच्या तळातून उपसलेली आहेत असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात वापरून झालेली जाळी मच्छीमारांकडून किनाऱ्यावरच घेतली जातात, त्यामुळे ती पाण्यात जाण्याचं टळतं. हे काम जास्त मोलाचं आहे.

‘रिसायकल म्हणजे कच्चं’ ही भीती इथे बाळगू नका. नायलॉन ६ या प्रकारच्या नायलॉनचे रेणू तोडून पुन्हा कॅप्रोलॅक्टम, म्हणजे त्याचा मूळ कच्चा माल, मिळवता येतं आणि त्यातून नव्या तोडीचा धागा निघतो. बाटल्या वितळवून केलेल्या पॉलिएस्टरमध्ये मात्र दर वितळण्यागणिक रेणूंच्या साखळ्या आखूड होत जातात. या जॅकेटचं कापड खरखरीत आहे, चालताना आवाज करतं, पण करवंदीच्या जाळीतून जाताना हाच जाडपणा उपयोगी पडतो.

नाजूक बाजू वेगळी आहे: पाणी झटकणारा लेप. तो आता पीएफएएस (फ्लोरिनयुक्त) रसायनांशिवाय केला जातो, आणि ते योग्यच आहे, कारण ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. मात्र नवा लेप पाणी झटकतो, तेल झटकत नाही. डोक्याचं तेल, सनस्क्रीन, घाम हे सगळं आधी कॉलरवर, हूडच्या काठावर आणि सॅकच्या पट्ट्यांखाली साचतं. तिथे थेंब अळवाच्या पानासारखे घरंगळायचे थांबतात आणि कापड पाणी पिऊ लागतं. कापडाच्या आतला, पाणी अडवणारा पातळ पडदा तेव्हाही गळत नसतो. पण ओल्या कापडातून वाफ नीट बाहेर जात नाही, घाम आतच थंड होतो आणि जॅकेट गळतंय असं वाटतं.

त्यात आपली पावसाळी हवा. बाहेर २४ अंश आणि जवळजवळ शंभर टक्के आर्द्रता असेल, तर अंगाजवळच्या आणि बाहेरच्या वाफेच्या दाबातला फरक थंड, कोरड्या हवेच्या मानाने साधारण निम्म्यावर येतो. कुठलंही ‘श्वास घेणारं’ कापड इथे अपुरंच पडणार. म्हणून काखेतल्या चेनी हा या जॅकेटचा सगळ्यात कामाचा भाग. चढ सुरू होण्याआधीच त्या उघडा. घाम सुटल्यावर उघडून फारसा फायदा होत नाही. खिसे खाली आहेत, सॅकचा कमरपट्टा बांधला की हात नीट जात नाही. वजन ४०० ग्रॅमच्या आसपास, आणि जॅकेट स्वतःच्याच डाव्या खिशात मावतं.

धुण्याचा कंटाळा करणाऱ्याने हे घेऊ नये. मोसमात तीन-चार ट्रेकनंतर एकदा धुवा: सगळ्या चेनी आणि वेल्क्रो बंद करा, कोमट पाण्यात निक्वॅक्स टेक वॉशसारखा खास साबण वापरा, दोनदा खळबळा. नेहमीची पावडर आणि सॉफ्टनर दोन्ही टाळा, त्यांचा अंश कापडावर राहून पाणी ओढतो. वाळल्यावर मंद उष्णता द्या. ड्रायर नसेल तर वर पातळ सुती कापड ठेवून, वाफ न वापरता, अगदी कमी तापमानावर इस्त्री फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा ताजा होतो. मग पाणी शिंपडून बघा. थेंब तरीही पसरत असतील तरच नवा लेप चढवायचा, तोही आधी धुतलेल्या कापडावर.

ओलं जॅकेट खिशात कोंबून ठेवलं तर बुरशी येते आणि शिवणींवरची टेप सुटू लागते, म्हणून ते हँगरला सैल टांगा. फाटलं तर सुईदोरा घेऊ नका, प्रत्येक टोचणीचं भोक गळतं. नायलॉनची चिकटपट्टी कोपरे गोल कापून स्वच्छ, कोरड्या कापडावर दाबून लावा आणि एक रात्र तशीच राहू द्या.