रोबोटिक ऑपरेशनला दुरून मार्गदर्शन: सेवा चांगली, पण आधी राउटरचं बघा

नागपूर-मुंबईचे अनुभवी सर्जन स्क्रीनवरून तालुक्याच्या ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सर्जनला रोबोटिक ऑपरेशनभर सांगत राहतात, अशी ही सेवा. रोबोटचे हात इथल्याच सर्जनच्या ताब्यात असतात. 2001 साली न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबर्गमधल्या रुग्णाचं पित्ताशय काढलं, ती दूरशस्त्रक्रिया होती. इथे फक्त नजर आणि सल्ला. म्हणून चित्राला थोडा उशीर झाला तरी चालतं, आवाज तुटला तर चालत नाही.

पैसे वसूल होतात ते पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये, नळी बंद करणारी क्लिप लावण्याआधी. कॅलो त्रिकोणातली, म्हणजे पित्ताशयाची नळी आणि यकृत यांच्यामधल्या जागेतली, चरबी साफ झाली का, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटला का, पित्ताशयाकडे दोनच रचना (त्याची नळी आणि धमनी) जाताना दिसतात का, हे दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी तपासणं फार मोलाचं आहे. मार्गदर्शक रूव्हिएची खाच (यकृताच्या खालच्या बाजूची, खुणेला धरायची खाच) स्क्रीनवर आखून देतो आणि तिच्या वरच काम ठेवायला सांगतो. पण चालू चित्रावर काढलेली रेघ स्कोप (पोटातला कॅमेरा) हलला की भलत्याच नळीवर जाऊन बसते. आधी फ्रेम थांबवा, मग रेघ. 'थोडं तिकडे' असं बोलूच नये. घड्याळासारखं 'दोनच्या काट्याकडे ओढा' म्हटलं की गोंधळ होत नाही. रेघ कन्सोलच्या (सर्जन ज्यात बघून रोबोट चालवतो त्या यंत्राच्या) आत दिसेल अशी जोडणी करून घ्या. सर्जनचं डोकं कन्सोलमध्ये असतं, भिंतीवरच्या टीव्हीचा त्याला काय उपयोग?

पलीकडे बहुधा एकाच डोळ्याचं चित्र पोचतं, त्यामुळे खोलीचा अंदाज येत नाही. बाहेर रोबोटचे हात एकमेकांवर आदळतात तेही दिसत नाही. त्यासाठी ओटीत दुसरा कॅमेरा हवाच.

आता नेट. 1080पी चित्राला साधारण 5 ते 8 एमबीपीएस अपलोड सलग लागतं. प्लॅनवरचा मोठा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो, त्यावर जाऊ नका. गडचिरोली-यवतमाळकडे रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, म्हणून दुसरी लाइन वेगळ्या कंपनीच्या सिमवर घ्या. लाइट गेली की रोबोट स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो, पण रिसेप्शनमागच्या खोलीतलं फायबरचं डबडं आणि राउटर बंद पडतात, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत कॉल गेलेला असतो. दोन्ही यूपीएसवर टाका, ओटीच्या नेटवर्क स्विचसकट. कॉटरी (विजेने कापणारं, रक्त थांबवणारं उपकरण) चालू करताच चित्रात रेषा आल्या तर व्हिडिओची केबल आणि अर्थिंग तपासा.

रेकॉर्डिंगवर रुग्णाचं नाव उमटतं. ते आधी बंद करा आणि संमतीपत्रात या कॉलचा स्पष्ट उल्लेख ठेवा.

रक्तस्राव आवरायला ही सेवा घेऊ नये. पोट उघडून ऑपरेशन पुरं करू शकणारा सर्जन तिथेच हवा आणि ओपनचा ट्रे सुरुवातीपासून मांडलेला हवा. कॉल तुटला तर क्लिप लावणं, कापणं थांबवायचं; आधी फोन लावायचा, आणि तोही लागला नाही तर ओपन करायचं की नाही हे इथला सर्जनच ठरवेल, असं पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.